चाळीस बारांची यादी आणि न पिणाऱ्या वहिनी

पत्र: आम्ही नाशिकचे. मी नुकताच निवृत्त झालोय, मुलगी कोलोनला नोकरी करते. मे महिन्यात लंडन, ब्रसेल्स, कोलोन, प्राग असा रेल्वेनं प्रवास करायचा आहे. शेवटचे चार दिवस बुडापेस्टला घालवायचे की व्हिएन्नाला, ते अजून ठरलेलं नाही. मला म्युझियमपेक्षा जुने पब आणि बिअरहॉल बघायची हौस. रील्स बघून चाळीस बारांची यादी केली आहे, सोबत जोडतो. अडचणी दोन. बायको पीत नाही, शिवाय पक्की शाकाहारी. ती म्हणते, ‘मी काय तिथे तुमच्या तोंडाकडे बघत बसू?’ दुसरं म्हणजे, आमच्यासारखं वयस्क देशी जोडपं अशा ठिकाणी शिरलं की सगळे वळून बघतील, असं वाटत राहतं. अस्सल जागा ओळखायची कशी?

— एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमची यादी पेन हातात घेऊनच वाचली. पहिली काट बसली ती प्रागमधल्या दोन आयरिश पबांवर. आयरिश पबांशी माझं वैर नाही. पण १९९१ पासून डब्लिनची एक कंपनी अख्खे पब आखून, लाकूडकामासकट, जगभर पाठवते. फळीवरचे जुने डबे, भिंतीवरच्या रंग उडालेल्या पाट्या, सगळं नकाशात आधीच ठरलेलं. असा पब दुबईतही मिळतो, त्यासाठी प्राग गाठायचं कारण नाही.

पुढे निम्म्या नावांशेजारी तुम्ही ‘सर्वांत जुना’ असं लिहिलंय. युरोपात सर्वांत जुने पब पैशाला पासरी आहेत, त्या वादात पडू नका. मी जागा जोखते ती एकाच प्रश्नावर: या घराचा असा काही रिवाज आहे का, जो तुमच्यासाठी बदलणार नाही? असेल, तर ती जागा रोजच्या गिऱ्हाइकांवर चालते. नसेल, तर ती तुमच्या-माझ्या कार्डावर चालते, मग भिंती कितीही काळवंडलेल्या असोत.

कोलोनपासून सुरुवात करते. मुलगी तिथे आहे, आणि हा मुद्दा तिथे सगळ्यांत स्पष्ट दिसतो. तिथल्या जुन्या बिअरघराला ब्राउहाउस म्हणतात आणि शहराची बिअर म्हणजे क्योल्श: फिकट सोनेरी, हलकी. १९९७ पासून युरोपीय संघानं हे नाव भौगोलिक ओळख म्हणून राखीव केलंय. ती येते २०० मिलिलिटरच्या उभ्या, सडपातळ ग्लासात. पहिल्यांदा बघून ‘बस्स, एवढीच?’ असं तुमच्या तोंडून निघणार. थांबा जरा. निळ्या कपड्यांतला वाढपी, त्याला क्योबेस म्हणतात, एका गोल साच्यात ग्लासांचं कडं करून फिरत असतो. मधोमध उभी मूठ, भोवती भरलेले ग्लास. तुमचा ग्लास तळाला गेला की तो न विचारता दुसरा ठेवतो आणि तुमच्या बिअरमॅटवर, म्हणजे ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर, पेन्सिलीनं एक रेघ ओढतो. मान हलवून, हात दाखवून काही होत नाही. पुरे झालं की तेच मॅट उचलून ग्लासावर झाकणासारखं ठेवायचं. तोवर ग्लास येत राहणार. शेवटी रेघा मोजून हिशेब. तेव्हा ते मॅट म्हणजे तुमचं बिल आहे. फोटोसाठी पिशवीत टाकू नका आणि शेजाऱ्याच्या मॅटशी अदलाबदल होऊ देऊ नका.

क्योबेस थोडा उर्मट असतो आणि तो तसा असावा अशी गावाची अपेक्षा असते. साधं पाणी मागितलंत तर ‘सोबत साबण-टॉवेल आणू का?’ हा तिथला पिढीजात विनोद आहे. मनाला लावून घेऊ नका, आणि जमलं तर मुलीकडून एखादं खोचक उत्तर आधीच शिकून जा.

आता मेनूकार्ड, कारण वहिनींचा प्रश्न इथूनच सुटायला लागतो. कोलोनकरांना पाहुण्यांची गंमत करायची खोड आहे. ‘हाल्व्हर हान’ म्हणजे शब्दशः अर्धा कोंबडा, आणि ताटात येतो राय पिठाचा पाव, लोणी, गौडा चीजचा जाड तुकडा, मोहरी आणि कांदा. मांसाचा मागमूस नाही. उलट ‘कोलोनचं कॅव्हिअर’ म्हणून येतं ते डुकराच्या रक्ताचं सॉसेज. ‘आकाश आणि पृथ्वी’ अशा सुंदर नावाचा पदार्थ म्हणजे सफरचंद आणि बटाटा, पण त्याच्या डोक्यावरही बहुतेक तेच सॉसेज बसलेलं असतं. म्हणजे कोंबडा मागवा, कविता टाळा. शिवाय मे हा पांढऱ्या शतावरीचा मोसम आहे. उकडलेल्या बटाट्यांबरोबर ती मागता येते, फक्त हॅम नको असं आधी सांगा आणि वरच्या सॉसमध्ये अंडं असतं हे लक्षात ठेवा. वहिनींसाठी आप्फेलशोर्ले मागवा: सफरचंदाचा रस आणि सोडा. जर्मनीत ते मोठी माणसंही पितात, कोणी भुवई उंचावत नाही. बिनअल्कोहोलची बिअरही सगळीकडे मिळते.

कॅथेड्रलच्या सावलीतलं ‘फ्र्यू’ गर्दीचं असलं तरी सोडू नका, गावकरीही तिथे जातात. पण एकच निवडायचं असेल तर फ्रीजनश्ट्रासवरचं ‘पेफगेन’. १८८३ पासूनचं घर, बिअर तिथेच गाळतात, तिथेच संपवतात.

वहिनींचं म्हणणं मात्र मला पटलंय. चाळीस ठिकाणी नवरा पिताना बघणं ही काही सहल नव्हे. म्हणून यादीवर मी दुसरी कात्री चालवली ती अशी: एका गावात दोन जागा, त्यातल्या एकीत दोनदा. दुसऱ्या खेपेला वाढपी ओळखीचं हसतो, शेजारचा माणूस आपणहून बोलतो, आणि नेमकं तेच हवं म्हणून तर तुम्ही निघालात. जायची वेळ संध्याकाळची नको, दुपारी तीन-चारची, तीही आठवड्याच्या मधल्या वारी. तेव्हा नक्षी दिसते, उजेड खिडकीतून आत येतो, काउंटरवरच्या माणसाला बोलायला सवड असते. रात्री आठला तिथेच फक्त पाठी दिसतात. आणि एखाद्या संध्याकाळी तुम्ही मुलीला घेऊन खुशाल जा, वहिनींना घरी पाय लांब करून बसू द्या. सगळं जोडीनंच केलं पाहिजे असं थोडंच आहे?

लंडनकडे येते. इंग्लिश पबमध्ये टेबलावर कोणी विचारायला येईल म्हणून बसलात तर बंद व्हायची घंटा होईपर्यंत बसून राहाल. काउंटरवर स्वतः जायचं, मागायचं, तिथेच पैसे द्यायचे, ग्लास आपल्या हातानं आणायचा. रांग दिसत नाही, पण असते. कोणाचा नंबर कधी हे काउंटरमागच्या माणसाच्या डोक्यात पक्कं असतं. नोट फडकवायची नाही, चुटकी तर मुळीच वाजवायची नाही. नजरेला नजर मिळाली की झालं. टीप लागत नाही. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. अर्धा पाइंट मागण्यात काही कमीपणा नाही, उलट दोन वेगळ्या चवी घेता येतात.

तळघरातल्या पिंपातून हातपंपानं ओढलेली ‘कास्क एल’ घ्या. लोक तिला कोमट म्हणतात, पण ती बारा अंशांच्या आसपास असते आणि त्या तापमानालाच तिचा वास खुलतो. पंपावरची चकती उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली आहे. या बिअरचा जीव वाचवायला १९७१ मध्ये चार मित्रांनी ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची चळवळ सुरू केली. कारखान्यांनी तेव्हा फसफसत्या, गाळीव बिअरचा धडाका लावला होता. आज याच संस्थेनं जुन्या पबांच्या अंतर्भागांची, म्हणजे काच, लाकूड, फरश्या, कप्पे यांची, बारकाईनं नोंद ठेवली आहे. रील्सपेक्षा ती यादी उघडा. ती बनवणाऱ्यांना तुमच्याकडून लाइक नको असतो.

त्यातून तुम्हाला दोन देते. ब्लूम्सबरीतला ‘द लॅम’ बघा, विशेषतः त्याच्या काउंटरवरच्या काचा. डोक्याच्या उंचीवर लाकडी चौकटींत छोट्या, नक्षी कोरलेल्या, उभ्या आसावर फिरणाऱ्या काचा आहेत. व्हिक्टोरियाच्या काळात वरच्या थरातल्या गिऱ्हाइकाला आपलं तोंड वाढप्याला दिसू नये असं वाटे. तो काच फिरवून घ्यायचा, हात तेवढा खालून पुढे यायचा. एकाच छपराखाली मजुरांची खोली वेगळी, साहेबांची वेगळी, बायकांसाठी आडोशाचा कप्पा वेगळा. इंग्लंडची अख्खी वर्गव्यवस्था सुतारकामात बघायची असेल तर इथे बघावी. हॉबर्नचा ‘प्रिन्सेस लुईस’ हे याचंच मोठं रूप: महोगनीचे कप्पे, आरसे, रंगीत फरश्या. तो ज्या ब्रुअरीचा आहे तिच्या पबांत संगीत वाजत नाही आणि मोबाइल वापरायला मनाई आहे. हा नियम वहिनींना आवडेल असा माझा अंदाज. त्यांना लाइम अँड सोडा मागवा. स्वस्त असतं आणि कुठल्याही पबमध्ये मिळतं.

बायकांचा विषय निघालाच आहे तर सांगते. फ्लीट स्ट्रीटवरच्या एका नावाजलेल्या वाइन बारमध्ये बायकांना काउंटरशी उभं राहून काही मिळत नसे, मागच्या खोलीत जाऊन बसा म्हणत. दोन बायका कोर्टात गेल्या, आणि तो प्रकार थांबला १९८२ मध्ये. फार जुनी गोष्ट नाही. तेव्हा वहिनींनी काउंटरपाशी उभं राहून आपलं सोडापाणी आपण मागावं, अशी माझी खास विनंती.

आता लोक वळून बघण्याबद्दल. तुमची भीती निराधार आहे, पण तिला इतिहास आहे. बर्मिंगहॅमला लागून स्मेदिक नावाचं गाव आहे. १९५०-६० च्या दशकांत तिथल्या ओतशाळांत पंजाबी कामगार मोठ्या संख्येनं आले. घाम गाळायला ते चालत, पण संध्याकाळी पबच्या चांगल्या खोलीत त्यांना ग्लास मिळत नसे. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे लोक मुद्दाम गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन जात आणि नकार नोंदवून तक्रारी करत. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स खुद्द स्मेदिकला येऊन गेला, त्याच्या हत्येच्या नऊ दिवस आधी. त्याच वर्षी कायदा झाला आणि सार्वजनिक जागी असा भेदभाव बेकायदा ठरला. आणि पुढचं ऐका: त्या भागातले मरायला टेकलेले बरेच पब पुढे पंजाबी कुटुंबांनीच चालवायला घेतले. आज त्यांना ‘देसी पब’ म्हणतात. डार्ट्सचा फलक, फुटबॉल, हातपंपाची बिअर आणि स्वयंपाकघरातून चरचरत येणारी मिक्स्ड ग्रिलची लोखंडी थाळी. गोरे, पंजाबी, जमैकन सगळे एकाच बाकावर. पनीर टिक्का आहेच, वहिनींची सोय झाली. लंडनच्या यूस्टन स्टेशनहून बर्मिंगहॅम दीड तासाच्या आत येतं, तिथून स्मेदिक किंवा वेस्ट ब्रॉमिच जवळच. तुमच्या यादीत या भागातलं एकही नाव नाही. माझ्या मते इंग्लंडात तुमच्यासाठी हीच पहिली जागा.

ब्रसेल्सला पाट्यांच्या झगमगाटातून चालताना भिंतींकडे आणि पायांखाली बघा. जुन्या जागा बोळांत दडलेल्या आहेत. तबोरा रस्त्यावर ‘अ ला बेकास’ची खूण पदपथात बसवलेली आहे, बेकास नावाच्या पक्ष्याची. तिथून अरुंद बोळ आत जातो. आत लांबिक बिअर मातीच्या सुरईत येते. लांबिकला यीस्ट घालत नाहीत. थंडीच्या महिन्यांत धान्याचा उकळलेला रस रात्रभर उघड्या, उथळ कढईत ठेवतात आणि हवेतून जे पडेल त्यावर ती आंबते. मग लाकडी पिंपात वर्षानुवर्षं. एक, दोन, तीन वर्षांच्या लांबिक एकत्र करून बाटलीत पुन्हा आंबवली की ‘ग्यूझ’. चव आंबट, कोरडी, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल. तिसऱ्या घोटाला ठरवा. ‘अ ला मॉर सुबित’ तुमच्या यादीत आहे, ते राहू द्या: लांबलचक दिवाणखाना, आरसे, खांब, ओळीनं टेबलं. जवळच्या बँकेतले लोक जेवणाच्या सुट्टीत फासे खेळत, आणि कामावर परतायची वेळ झाली की शेवटचा झटपट डाव ‘आकस्मिक मृत्यू’चा. नाव तिथून आलं. वहिनींना तिथे कॉफी, आणि पावावर पांढरं ताजं चीज, मुळा, कांद्याची पात. मुळा-पात बघून त्यांचा बेल्जियमबद्दलचा ग्रह सुधारेल. दारात उभं राहून मेनू हातात कोंबणारा माणूस दिसला की मात्र पुढे चालू लागा. रू दे बुशे या गल्लीत अशांची गर्दी असते, ती गल्ली बघायची, बसायचं नाही.

बुडापेस्ट की व्हिएन्ना? तुमच्या यादीत बुडापेस्टचे भग्न वाड्यांतले बार भरपूर आहेत. त्यांची सुरुवात २००२ मध्ये ‘सिम्पला कर्त’नं केली. कल्पना झकास, पण रात्री तिथे विशी-पंचविशीची झुंबड असते. तुम्ही व्हिएन्ना घ्या. सम्राट दुसऱ्या योझेफनं १७८४ मध्ये शेतकऱ्यांना स्वतःच्या मळ्यातली वाइन घरीच विकायची मुभा दिली, आणि त्यातून ‘हॉयरिगर’ ही अंगणातली वाइनघरं उभी राहिली. गंमत म्हणजे द्राक्षमळे व्हिएन्नाच्या हद्दीतच आहेत. फाटकावर पाइनच्या हिरव्या फांद्यांची जुडी टांगलेली असेल तर घर उघडं, नसेल तर मालक मळ्यात. गोव्यात उराक फक्त उन्हाळ्याचे काही आठवडे मिळते आणि कुठे मिळते ते विचारत जावं लागतं, तसंच हे फांद्यांचं वेळापत्रक. व्हिएन्नाच्या ग्रिंझिंग भागात पर्यटकांच्या बसेस लागतात, म्हणून ३१ नंबरची ट्राम पकडून शेवटच्या थांब्यावर, श्टामर्सडॉर्फला उतरा. अक्रोडाच्या झाडाखाली लाकडी बाक, आत काउंटरवरून आपण वाढून घ्यायचं: पाव, लाल तिखटाचं चीज, काकडी, बटाट्याचं सॅलड. नाशिकच्या माणसाला द्राक्षांबद्दल मी काय सांगणार, पण एकाच मळ्यात मिसळून लावलेल्या वाणांची एकत्र गाळलेली वाइन, ‘गेमिश्टर झात्झ’, ती तेवढी मागा. वहिनींसाठी त्याच मळ्यांतल्या द्राक्षांचा रस असतो. चारही दिवस इथे घालवलेत तरी माझी हरकत नाही.

राहिलं प्राग. हुसोवा रस्त्यावरचं ‘उ झ्लातेहो तिग्रा’, म्हणजे सोनेरी वाघ, तुम्ही यादीत पहिलं ठेवलंय, आणि बरोबर ठेवलंय. लेखक बोहुमिल ह्राबाल यांचा तो रोजचा अड्डा. जानेवारी १९९४ मध्ये चेक राष्ट्राध्यक्ष हावेल अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांना घेऊन तिथे आले, तेव्हा ह्राबाल होतेच. दुपारी तीनला दार उघडतं, त्याआधीच लोक दारात उभे असतात, आणि थोड्याच वेळात बाकं भरतात. बरीचशी टेबलं वर्षानुवर्षं ठरलेल्या मंडळींची. रिकामं दिसलं म्हणून बसू नका, वाढपी सांगेल तिथे सरकून घ्या. बिअर एकच, पिल्सनरची. बसलात की येते, कागदाच्या चिठ्ठीवर रेघ पडते. वर दोन-तीन बोटं फेस असतो, तो कमी मोजलं म्हणून नव्हे, तसाच पाहिजे म्हणून.

वहिनींना या एका ठिकाणी नेऊ नका. दाटी असते आणि त्यांच्यासाठी फारसं काही नाही. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून झिझ्कोव्हसारख्या वस्तीत साध्या होस्पोदात, म्हणजे गल्लीतल्या चेक पबमध्ये, जा. तिथे बऱ्याच ठिकाणी ‘कोफोला’ नळावर मिळते, १९६० मध्ये चेकोस्लोव्हाकियात निघालेलं जडीबुटीच्या चवीचं कोला. बरोबर ‘नाक्लादानी हेर्मेलिन’: तेलात कांदा-मिरचीबरोबर मुरवलेलं मऊ चीज, जाड पावासोबत. तळलेलं चीजही सगळीकडे असतं, पण त्याच्या आवरणात अंडं असतं, चालत असेल तरच. २०१७ पासून आत धूम्रपानाला बंदी आहे, त्यामुळे धुराची तक्रार नाही. गटागटानं बार फिरवणाऱ्या रात्रीच्या सहलींवरही प्रागनं २०२४ मध्ये बंदी घातली, तेव्हा तुमच्या यादीतली ती ‘पब क्रॉल’ची नोंद मी आपोआपच खोडली.

झिझ्कोव्हमधलं नाव मी मुद्दामच देत नाही. आत डोकवा: दारामागे कुत्र्यासाठी पाण्याचं भांडं, भिंतीवर स्थानिक संघाच्या सामन्यांचं हातानं लिहिलेलं वेळापत्रक, नळावर दोन-तीनच बिअर, आणि कोणीही वर मान करून तुमच्याकडे बघत नाही, असं असेल तर बसा. निघताना बिअर ओतणाऱ्याला विचारा की सुट्टीच्या दिवशी तू कुठे जातोस. तो सांगेल ते यादीत लिहा.

पैशांचं थोडक्यात: लंडनला बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं, काही ठिकाणी फक्त कार्डच. कोलोन, व्हिएन्नाच्या वाइनघरांत आणि प्रागमध्ये रोख जवळ ठेवा. जर्मनीत बिल देताना टेबलावर सुटे ठेवून उठू नका. वरची रक्कम धरून पूर्ण आकडा वाढप्याला तोंडानं सांगा. आणि कोलोनला शनिवार येत असेल तर मुलीला आधी विचारा, त्या दिवशी तिथल्या संघाचा घरचा सामना आहे का. असेल तर ब्राउहाउस शुक्रवारी दुपारीच उरका.